जुने रिव्हॉल्व्हर : मोल लोखंडाचे की कागदाचे?

बदलापूरच्या पश्चिमेला असलेली मांजर्ली एके काळी उल्हास नदीच्या खोऱ्यातील एक लहान वस्ती होती. आज ती कुळगाव-बदलापूर नगरपरिषदेच्या हद्दीत आहे. सकाळच्या गाडीने मुंबई गाठणारे कारकून, शिक्षक आणि अंबरनाथच्या कारखान्यांतून निवृत्त झालेले यंत्रकामगार यांची घरे तेथे दाटीने उभी आहेत. जुनी कौलारू घरे पाडून त्या जागी इमारती उठत आहेत. घर पाडण्यापूर्वी माळा रिकामा केला जातो, आणि माळ्यावरच्या पत्र्याच्या पेट्या कित्येक वर्षांनी प्रथमच उघडल्या जातात.

समजा, अशा एखाद्या पेटीत धोतराच्या फडक्यात गुंडाळलेले गंजके रिव्हॉल्व्हर निघाले. नळीवर इंग्रजी अक्षरे, पुसट झालेला एक आकडा आणि पाच-सहा घरांचे फिरते चक्र. पणजोबा कोठल्याशा संस्थानात नोकरीला होते एवढेच घरातल्या म्हाताऱ्या माणसांना आठवते. आता या कुटुंबाने काय करावे? बहुतेक घरांत तीन सल्ले दिले जातील. कोणी म्हणेल, रात्रीच नेऊन नदीत टाका. कोणी म्हणेल, भंगारात घाला. आणि एखादा व्यवहारी नातेवाईक कानात सांगेल की, अमेरिकेत अशा वस्तूंना लाखो रुपये येतात, गाजावाजा न करता गिऱ्हाईक पाहा. पहिले दोन सल्ले भीतीपोटी आणि तिसरा लोभापोटी दिलेला आहे. परंतु ही वस्तू नेमकी काय आहे आणि तिचे मोल कशात आहे, हा प्रश्न तिघांनाही पडलेला नसतो. वस्तुतः प्रथम विचारावयाचा प्रश्न तोच आहे.

यंत्रयुगाचे अपत्य

अमेरिकन रिव्हॉल्व्हरचा इतिहास हा शस्त्रांचा जितका, तितकाच कारखानदारीचा इतिहास आहे. सॅम्युअल कोल्ट याने १८३६ साली अमेरिकेत आपल्या फिरत्या चक्राच्या पिस्तुलाचे पेटंट घेतले. घोडा मागे ओढला की चक्र एका घराने फिरावे आणि नळीसमोर नवी गोळी यावी, ही त्यामागील मुख्य युक्ती. त्याचा पहिला कारखाना काही वर्षांतच बुडाला. १८४७ साली मेक्सिकोशी चाललेल्या युद्धासाठी सैन्याने मागणी नोंदवली तेव्हा त्याचा धंदा पुन्हा उभा राहिला. त्या वर्षीच्या ‘वॉकर’ नमुन्याची जेमतेम अकराशे रिव्हॉल्व्हरे तयार झाली. १८५१च्या ‘नेव्ही’ नमुन्याची मात्र अमेरिकेतील हार्टफर्डच्या कारखान्यात दोन लाखांहून अधिक आणि लंडनच्या कारखान्यात सुमारे बेचाळीस हजार नगांची निर्मिती झाली. संग्राहकांच्या बाजारात या दोन नमुन्यांच्या भावांत जे अंतर दिसते, त्याचे निम्मे स्पष्टीकरण या आकड्यांतच आहे.

१८५१ साली लंडनमध्ये भरलेल्या भव्य प्रदर्शनात कोल्टने आपला माल मांडला आणि १८५३ मध्ये थेम्सच्या काठी स्वतःचा कारखानाही उघडला. यंत्राने घडविलेले, शक्य तितके एकसारखे भाग ही त्या कारखान्याची ख्याती होती. ब्रिटिश पार्लमेंटच्या समितीने या पद्धतीची दखल घेतली आणि पुढे एनफिल्डच्या सरकारी कारखान्यात अमेरिकन यंत्रसामग्री आली. तथापि हे ‘एकसारखेपण’ जाहिरातीत होते तेवढे प्रत्यक्षात नव्हते. अखेरच्या जुळणीत कानसकाम करावेच लागे. एका रिव्हॉल्व्हरसाठी घासून बसविलेला भाग दुसऱ्यात जाऊ नये म्हणून सांगाडा, नळी, चक्र, चापाचे कडे यांवर एकच क्रमांक ठोकला जाई. कारागिराच्या सोयीसाठी ठोकलेला तो क्रमांक आज संग्राहकाच्या हातातील सर्वांत मोठा पुरावा ठरला आहे. सर्व भागांवरचा आकडा जुळला तर वस्तू मूळ स्वरूपात आहे असे मानण्यास आधार मिळतो. तो जुळला नाही, तर कोठेतरी दोन मोडक्या शस्त्रांतून एक शस्त्र उभे केले गेले आहे, हे उघड होते.

कोल्टचा लंडनचा कारखाना १८५६ मध्ये बंद पडला. त्याच वर्षी ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा मार्ग कल्याणहून बदलापूरवरून खोपोलीकडे घाटाच्या पायथ्यापर्यंत पोहोचला. १८६३ साली बोरघाटातील मार्ग खुला झाला आणि देशावरचा कापूस याच रुळांवरून मुंबई बंदरात उतरू लागला. तो काळ अमेरिकन यादवी युद्धाचा होता. दक्षिणेतील बंदरांची नाकेबंदी झाल्याने लँकेशायरच्या गिरण्यांना कापूस मिळेना, आणि मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला. तिकडे त्याच युद्धासाठी कोल्ट, रेमिंग्टन आदी कारखान्यांत लक्षावधी शस्त्रे घडत होती. मुंबईत कंपन्यांचे पेव फुटले, बॅकबेच्या शेअरांना भरलेल्या रकमेच्या कित्येक पट भाव आला, आणि १८६५ मध्ये युद्ध संपताच तो डोलारा कोसळला. एकाच युद्धाने हार्टफर्डमध्ये रिव्हॉल्व्हरे आणि मुंबईत कागदी श्रीमंती निर्माण केली. त्या रिव्हॉल्व्हरांना आज दीडशे वर्षांनंतरही गिऱ्हाईक आहे आणि त्या शेअरांना नाही. याचे कारण शोधताना किंमत व मोल यांतील फरक आपोआप पुढे येतो.

पेटीपर्यंतचा प्रवास

ही शस्त्रे महाराष्ट्रात आली ती प्रामुख्याने इंग्रज अधिकाऱ्यांच्या कमरेला लटकून. १८५७च्या धामधुमीत त्यांच्यापैकी अनेकांजवळ कोल्टची किंवा इंग्लंडमधील ॲडम्सची रिव्हॉल्व्हरे होती. पुढे संस्थानिक, सरदार, बडे व्यापारी यांनीही ती विकत घेतली. सामान्य माणसाला मात्र लिटनच्या कारकिर्दीत १८७८ साली झालेल्या शस्त्रविषयक कायद्याने हा मार्ग बंद केला. युरोपियनांना सवलत आणि एतद्देशीयांना परवाना, असा त्या कायद्याचा पक्षपाती रोख होता. म्हणूनच तो रद्द करावा अशी मागणी काँग्रेसच्या व्यासपीठावरून वारंवार होत राहिली. त्यामुळे मराठी घरात जुने विलायती शस्त्र सापडणे याला नेहमीच काही विशेष कारण असते. ते संस्थानच्या चाकरीत मिळालेले असेल, लष्करातून आलेले असेल, शिकारीसाठी रीतसर घेतलेले असेल, अथवा लपवून ठेवावे लागले असे काही त्याच्यामागे असेल.

यांतील शेवटची शक्यता महाराष्ट्रात केवळ कल्पनेची नाही. २१ डिसेंबर १९०९ रोजी नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात अनंत कान्हेरे यांनी कलेक्टर जॅक्सन याच्यावर गोळ्या झाडल्या. ते शस्त्र रिव्हॉल्व्हर नव्हते. जॉन ब्राउनिंग या अमेरिकन संशोधकाने रचलेले आणि बेल्जियममध्ये तयार झालेले ते स्वयंचलित पिस्तूल होते. सावरकरांनी लंडनहून पाठविलेल्या वीस ब्राउनिंग पिस्तुलांचा प्रश्न पुढे खटल्यात गाजला. कान्हेरे, कृष्णाजी कर्वे आणि विनायक देशपांडे यांना १९ एप्रिल १९१० रोजी ठाण्याच्या तुरुंगात फाशी देण्यात आले. बदलापूर ज्या जिल्ह्यात येते, त्याच जिल्ह्याच्या मुख्य ठिकाणी ही घटना घडली. ज्या प्रदेशाचा इतिहास असा आहे, तेथे माळ्यावरच्या गंजक्या लोखंडाकडे केवळ भंगार म्हणून पाहणे योग्य होणार नाही.

किंमत कशी ठरते?

जुन्या शस्त्राची पारख करणारा जाणकार प्रथम त्याचा निर्माता व नमुना ठरवितो. यासाठी नळीवरचा पत्ता, क्रमांक, चक्राची रचना आणि तपासनिसांची चिन्हे पाहिली जातात. लंडनच्या कोल्टवर ब्रिटिश कसोटीचे शिक्के असतात आणि नळीवर लंडनचा पत्ता असतो. ‘नेव्ही’ नमुन्याच्या चक्रावर १८४३ सालच्या एका आरमारी लढाईचे चित्र कोरलेले असते. ते किती स्पष्ट राहिले आहे यावरून वस्तू किती वापरली व घासली गेली हे कळते. दारू आणि गोळी चक्राच्या पुढच्या बाजूने भरून मागे टोपी बसवावयाची, की तयार काडतूस मागून घालावयाचे, यावरून कालखंड ओळखता येतो. मागून काडतूस घालण्याच्या चक्राचे पेटंट रोलिन व्हाइट याच्याकडे होते आणि त्याचा वापर स्मिथ अँड वेसन या कंपनीने १८५७ पासून केला. १८६९ मध्ये ते पेटंट संपेपर्यंत कोल्टसारख्या मातब्बर कंपनीलाही अमेरिकेत ती रचना वापरता आली नाही. पेटंटची मक्तेदारी तंत्राची दिशा कशी अडवून धरते याचा हा पाठ्यपुस्तकात शोभावा असा दाखला आहे. कोल्टचे प्रसिद्ध ‘सिंगल ॲक्शन आर्मी’ रिव्हॉल्व्हर बाजारात आले ते १८७३ साली.

त्यानंतर वस्तूची अवस्था पाहिली जाते. मूळचा निळसर मुलामा किती शिल्लक आहे, लाकडी मूठ मूळची आहे काय, घोडा व चाप योग्य चालतात काय, हे तपासले जाते. येथे नवख्या माणसाची हमखास चूक होते. पितळी भांडे चिंचेने घासावे तसे तो ते शस्त्र घासूनपुसून लख्ख करतो, कोणी नवा मुलामाही चढवितो. संग्राहकाच्या दृष्टीने ही वस्तूची दुरुस्ती नसून नासाडी असते. काळाने चढविलेला तपकिरी थर हा तिच्या वयाचा दाखला असतो, आणि तो घासून काढला की अक्षरांच्या कडा व शिक्केही त्याबरोबर झिजतात. हातात उरते ते चकचकीत, परंतु साक्ष पुसलेले लोखंड.

शेवटचा आणि सर्वांत निर्णायक घटक म्हणजे वस्तूची पूर्वपीठिका. ती कोणाकडून कोणाकडे आली आणि त्याला लेखी आधार काय, हे येथे पाहिले जाते. अमेरिकेत १८८१ साली पॅट गॅरेट या शेरीफने ‘बिली द किड’ या कुख्यात गुंडास ज्या कोल्ट रिव्हॉल्व्हरने ठार केले, ते २०२१ च्या ऑगस्टमध्ये लॉस एंजेलिस येथील लिलावात साठ लाख डॉलरांहून अधिक किमतीला गेले. त्या नमुन्याची साडेतीन लाखांहून अधिक रिव्हॉल्व्हरे १९४० पर्यंत तयार झाली होती. याउलट ज्या ‘वॉकर’ नमुन्याची अकराशेच रिव्हॉल्व्हरे बनली, त्यातील एका अत्युत्तम नगाला २०१८ साली सुमारे अठरा लाख चाळीस हजार डॉलर आले. म्हणजे दुर्मिळतेपेक्षाही पुराव्याने सिद्ध झालेला इतिहास बाजाराला अधिक मोलाचा वाटला. गॅरेटच्या रिव्हॉल्व्हरला ते कागद नसते, तर ते त्याच नमुन्याच्या इतर हजारो नगांच्या पंक्तीत बसले असते.

जॉर्ज अकरलॉफ या अर्थशास्त्रज्ञाने १९७० साली जुन्या मोटारींच्या बाजाराचे उदाहरण घेऊन एक सिद्धांत मांडला होता. विकणाऱ्याला मालाचे दोष ठाऊक असतात, घेणाऱ्याला नसतात. या विषमतेमुळे घेणारा प्रत्येक मालाकडे संशयाने पाहतो व कमी भाव देतो. परिणामी चांगला माल बाजारातून निघून जातो आणि वाईट तेवढा राहतो. पुढे २००१ साली अकरलॉफ यांना नोबेल पारितोषिकाचा वाटा मिळाला. जुन्या शस्त्रांच्या बाजाराला हा सिद्धांत तंतोतंत लागू पडतो. बनावट क्रमांक, नंतर कोरलेली नावे, मुद्दाम चढविलेला गंज यांचा तेथे सुळसुळाट आहे. त्यावर उतारा एकच, आणि तो म्हणजे खात्रीची नोंद. कारखान्याच्या जुन्या वह्यांतून एखाद्या क्रमांकाचे शस्त्र कधी व कोणाला रवाना झाले याचे पत्र कोल्ट कंपनी मोबदला घेऊन देत आली आहे. असे पत्र हाती आले की वस्तूचा भाव बदलतो, तो यामुळेच.

आपल्याकडील दोन दाखले

भारतात यासाठी फार दूर जाण्याची गरज नाही. चंद्रशेखर आझाद यांनी २७ फेब्रुवारी १९३१ रोजी अलाहाबादच्या आल्फ्रेड पार्कमध्ये ज्या पिस्तुलासह अखेरची झुंज दिली, ते कोल्ट कंपनीचे होते. ते इंग्लंडला गेले, तेथून परत आले आणि आता अलाहाबादच्या संग्रहालयात आहे. त्या नमुन्याची पिस्तुले कोल्टने लाखांच्या संख्येने विकली. माल म्हणून ते सामान्यच. परंतु ते कोणाच्या हाती होते हे निश्चित असल्यामुळे त्याची किंमत आकड्यात सांगता येणार नाही.

दुसरा दाखला अधिक बोलका आहे. १७ डिसेंबर १९२८ रोजी लाहोरमध्ये साँडर्स याच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. पुणे जिल्ह्यातील खेडचे शिवराम राजगुरू आणि भगतसिंग या प्रसंगात एकत्र होते. भगतसिंगांचे कोल्ट पिस्तूल पुढे पोलिसांच्या ताब्यातून सीमा सुरक्षा दलाच्या इंदूर येथील शस्त्र प्रशिक्षण संस्थेत पोहोचले, आणि रंगाच्या थराखाली इतर जुन्या शस्त्रांबरोबर कित्येक वर्षे पडून राहिले. २०१६-१७च्या सुमारास त्यावरचा क्रमांक न्यायालयीन कागदांतील क्रमांकाशी जुळला, आणि काल रात्रीपर्यंत जे सरकारी सामान होते ते राष्ट्राचे स्मारक झाले. लोखंड तेच होते, त्याला फक्त एक आकडा आणि एक कागद येऊन मिळाला. तो क्रमांक कोणी घासून टाकला असता, किंवा निरुपयोगी शस्त्रांच्या ढिगाबरोबर ते भट्टीत गेले असते, तर काय गमावले हेदेखील कोणाला कळले नसते.

कायद्याचा उलटा न्याय

आता पुन्हा मांजर्लीच्या त्या पेटीकडे वळू. १९५९चा शस्त्र कायदा १ ऑक्टोबर १९६२ पासून अंमलात आहे. परवान्याशिवाय अग्निशस्त्र बाळगणे हा त्याखाली गुन्हा आहे. २०१९च्या दुरुस्तीने शिक्षा अधिक कडक झाल्या, आणि एका व्यक्तीला बाळगता येणाऱ्या शस्त्रांची मर्यादा तीनवरून दोनवर आली. वारशाने आलेले शस्त्रही या मर्यादेतून सुटत नाही. ज्याचा ताबा कायदेशीर राहिलेला नाही असे शस्त्र विनाविलंब पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावे, असे कायदा सांगतो.

याच कायद्याच्या पंचेचाळिसाव्या कलमात एक सवलत आहे. अप्रचलित बनावटीचे, पुराणवस्तू म्हणून महत्त्वाचे किंवा मोडके शस्त्र, जे दुरुस्त करून वा न करता अग्निशस्त्र म्हणून वापरता येणार नाही, त्याला हा कायदा लागू होत नाही. वरवर पाहता ही सवलत उदार वाटते. परंतु तिची कसोटी शस्त्राचे वय ही नसून त्याची निरुपयोगिता ही आहे. अमेरिकेच्या १९६८च्या कायद्याने १८९८ सालापर्यंत घडलेल्या शस्त्रांना पुराणवस्तूचा दर्जा दिला. म्हणजे तेथे तारीख पाहिली जाते. ब्रिटनने २०२१ पासून तारीख आणि कालबाह्य काडतुसांची यादी अशा दुहेरी कसोटीचा अवलंब केला. आपल्याकडे १८६० सालचे कोल्टही दुरुस्तीने चालण्याजोगे असेल, तर परवाना लागतो.

येथे एक विचित्र परिणाम घडतो. संग्राहकाच्या लेखी शस्त्र जितके मूळ स्थितीत व चालते, तितके त्याचे मोल अधिक. कायद्याच्या लेखी ते जितके मोडके, तितके ते निर्धोक. म्हणजे ऐतिहासिक वस्तू परवान्याविना घरात राखावयाची, तर ती आधी कायमची बिघडवावी लागते. नळीत वितळलेला धातू ओतणे, घोडा तोडणे, चक्र जोडून टाकणे असल्या उपायांनी कायदा कदाचित समाधानी होईल, परंतु इतिहासाचा पुरावा त्यात नष्ट होतो.

दुसरीकडे, १९७२चा पुराणवस्तू व कलानिधी कायदा आहे. शंभर वर्षांहून जुन्या, ऐतिहासिक महत्त्वाच्या वस्तू खाजगी व्यक्तीला परदेशी नेता येत नाहीत, आणि अशा वस्तूंच्या व्यापारालाही परवाना लागतो. त्यामुळे अमेरिकेतील लिलावाचे आकडे वाचून गिऱ्हाईक शोधणारा तो व्यवहारी नातेवाईक दोन्ही कायद्यांच्या कचाट्यात सापडण्याचीच शक्यता अधिक. ज्या बाजारात वस्तू नेताच येत नाही, त्या बाजारातील भाव हा आपला भाव नव्हे, हे अर्थशास्त्राच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही सांगता येईल. याचबरोबर, खाजगी व्यक्तींना परदेशी शस्त्रे आयात करण्याची मुभा जवळजवळ नसल्याने देशात परवान्यावर असलेल्या जुन्या विलायती रिव्हॉल्व्हरांचा पुरवठा वाढण्याचा मार्ग बंद आहे. अशा शस्त्रांना येथे मिळणारा चढा भाव त्या टंचाईचा आहे, त्यांच्या इतिहासाचा नव्हे.

आक्षेप आणि उपाय

यावर एक आक्षेप घेतला जाईल आणि तो हलका मानता येणार नाही. शस्त्र जुने असले तरी ते शस्त्रच असते. दीडशे वर्षांपूर्वीचे रिव्हॉल्व्हर आजही जीव घेऊ शकते, मग पुराणवस्तूच्या नावाखाली ही दारे का उघडावीत? या आक्षेपातील तथ्य मान्यच केले पाहिजे. अमेरिकेत घरोघरी असलेल्या बंदुकांनी त्या समाजाकडून केवढी किंमत वसूल केली आहे हे जग पाहत आहे. तेथील बाजार येथे आणावा, असे कोणताही शहाणा माणूस म्हणणार नाही. परंतु प्रश्न शस्त्रे मोकळी करण्याचा नसून त्यांची नोंद करण्याचा आहे. भीतीने नदीत फेकलेले किंवा गुपचूप विकलेले शस्त्र समाजाला अधिक सुरक्षित करीत नाही. विकलेले शस्त्र तर नेमके त्याच हातांत जाते, ज्या हातांत ते जाऊ नये.

यावर उपाय फारसे खर्चाचे नाहीत. शासनाने ठराविक मुदत देऊन, वारशाने सापडलेली शंभर वर्षांपूर्वीची शस्त्रे स्वखुशीने दाखविणाऱ्यांवर खटला न भरण्याचे अभिवचन द्यावे. पोलिसांकडे जमा होणारे प्रत्येक जुने शस्त्र वितळविण्यापूर्वी पुरातत्त्व खात्याच्या किंवा संग्रहालयाच्या जाणकाराने पाहावे, त्याचा क्रमांक, शिक्के व छायाचित्रे नोंदवावीत, हा नियम प्रत्येक जिल्ह्यात कसोशीने पाळला जावा. मुंबईचे छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय, पुण्याचे राजा दिनकर केळकर संग्रहालय, कोल्हापूरच्या नव्या राजवाड्यातील संग्रहालय येथे शस्त्रांचे संग्रह आहेत. राज्यातील अशा सर्व संग्रहांची एक सामाईक क्रमांकसूची झाली, तर इंदूरला योगायोगाने घडले ते येथे पद्धतशीरपणे घडू शकेल. अंबरनाथच्या आयुध कारखान्यात आणि यंत्र-अवजारांच्या कारखान्यात उमेद घालविलेले कारागीर याच परिसरात राहतात. मापाचा काटा आणि धातूचा पोत ओळखणाऱ्या त्या हातांची मदत या कामी घेतली, तर उत्तमच.

आणि कुटुंबाने काय करावे? अशी वस्तू सापडताच तिचा चाप ओढून पाहू नये. आत दारू किंवा काडतूस असू शकते आणि जुनी दारू निरुपद्रवी असते हा समज चुकीचा आहे. ती घासू नये, तेल-लिंबू लावू नये. शक्य झाल्यास ती आहे त्या जागी राहू देऊन, ज्या फडक्यात व पेटीत सापडली त्यांसह तिचे छायाचित्र घ्यावे, आणि पोलीस ठाण्याला विनाविलंब लेखी कळवून पोच घ्यावी. त्याच पत्रात वस्तू कशी व कोठे सापडली हे लिहून संग्रहालयाकडून तपासणी व्हावी अशी विनंती करावी. घरात जुना परवाना, संस्थानची सनद, नेमणुकीचा हुकूम किंवा पत्रव्यवहार असेल तर तो जपावा. घरातल्या वृद्धांना आठवते ते तारीख घालून त्यांच्याच शब्दांत लिहून ठेवावे. उल्हास नदीचे पाणी बदलापूरच्या सखल भागांत शिरल्याचे अनुभव २००५च्या जुलैपासून अनेकदा आले आहेत. अशा पुरात लोखंड गंजते, पण टिकते. कागद मात्र एका रात्रीत लगदा होतो, आणि म्हाताऱ्या माणसाची आठवण तर पुराचीही वाट पाहत नाही.

कोणत्याही समाजाची श्रीमंती त्याच्या तिजोरीतील वस्तूंवर जितकी, तितकीच त्या वस्तूंविषयी त्याला असलेल्या माहितीवर अवलंबून असते. अमेरिकेने एका शेरीफच्या रिव्हॉल्व्हरची कागदपत्रे जपली, म्हणून बाजाराने त्याला साठ लाख डॉलर मोजले. आपल्याकडील पेट्यांतून काय निघेल हे सांगता येत नाही. बहुतेक ठिकाणी संस्थानच्या चाकरीची एखादी साधी खूण निघेल, क्वचित एखाद्या ठिकाणी त्याहून मोठे काही. परंतु दोन्हींतला फरक ओळखण्याचे साधन त्या नळीवरचा आकडा आणि त्याशेजारी ठेवलेला कागद हेच आहे. मांजर्लीत आणखी एक कौलारू घर पाडले जाण्यापूर्वी एवढे जरी त्या घरातल्यांना ठाऊक झाले, तरी ती पेटी नदीच्या वाटेला लागणार नाही.